तानसेकाठचं ऊन पाणी

अकलोलीच्या कुंडात कुणी एकदम उतरत नाही. आधी पायरीवर बसायचं, टाचा बुडवायच्या, चटका अंगवळणी पडला की पोटऱ्या, मग गुडघे. माघातल्या एका सकाळी माझ्या शेजारी वसईकडच्या एक आजी बसल्या होत्या. लुगडं मांडीपर्यंत खोचलेलं. ओंजळीनं पाणी घेऊन त्या सुजल्या गुडघ्यावर सोडत होत्या. पाण्यावर पातळ वाफ होती. "इथं औषध विकत घ्यावं लागत नाही, बाळा," त्या म्हणाल्या. "पायरी तेवढी जपून उतर."

भिवंडी तालुक्यातल्या वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी या परिसरात तानसा नदीच्या पात्रात आणि काठावर ऊन पाण्याचे झरे आहेत. काही नुसते कोमट, काही पन्नास अंशांच्या आसपास. १८८२च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरनं त्यांची दखल घेतली, ती वज्रेश्वरी देवीच्या जुन्या नावानं, 'वज्राबाई' म्हणून. पण लोकांनी त्याच्या कितीतरी आधी आपली नोंद करून ठेवली होती. देवीनं मारलेल्या राक्षसांचं रक्त अजून जमिनीखाली तापलेलं आहे, ही इथली कथा. आणि कोकणात पुढे गेलं की गावांची नावंच बोलतात: पालीजवळचं उन्हेरे, दापोलीचं उन्हवरे, राजापूरचं उन्हाळे. आपण 'ऊन ऊन भात' म्हणतो, तेच हे ऊन. पाणी कढत आहे हे सांगायला आपल्या पूर्वजांना तापमापकाची गरज पडली नाही.

हा ताप ज्वालामुखीचा नव्हे. इथला काळा पाषाण लाव्हाचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, केव्हाच निवालेला. खरं कारण सोपं आहे आणि मला ते राक्षसांच्या कथेइतकंच विलक्षण वाटतं. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल मुरतं. किलोमीटरभर खाली गेलं की जमिनीची उष्णता पंचवीस-तीस अंशांनी वाढते. तिथं तापलेलं पाणी एखाद्या अरुंद फटीतून पुन्हा वर येतं, येताना खडकातले क्षार घेऊन. लोक याला सरसकट 'गंधकाचं पाणी' म्हणतात. प्रत्यक्षात त्यात क्षारांचा भाग मोठा, म्हणूनच ओठाला ते मचूळ लागतं. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या पट्ट्यात पालघरपासून राजापूरपर्यंत असे झरे जणू एका ओळीत आहेत.

कुंडांना तीर्थाचं रूप आलं ते देवीमुळे, आणि देवीचं आजचं मंदिर आलं एका लढाईतून. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी नवस बोलला, किल्ला मिळाला तर देवीचं देऊळ बांधीन. मे १७३९मध्ये वसई पडली. टेकडीवर मंदिर उभं राहिलं, तेही किल्ल्यासारखा कोट असलेलं, बावन्न पायऱ्यांचं. वडवली हे गावाचं जुनं नाव मागे पडलं, देवीचंच नाव गावाला लागलं. चैत्र अमावास्येची जत्रा आजही भरते, आणि जत्रेकरू दर्शनाइतक्याच ओढीनं कुंडाकडे वळतात. गणेशपुरीला पुढे आणखी एक माणूस आला. १९३६मध्ये स्वामी नित्यानंद भीमेश्वराच्या जुन्या देवळाशेजारी येऊन राहिले. पहाटे कुंडात स्नान हा त्यांचा क्रम. ८ ऑगस्ट १९६१ला त्यांनी देह ठेवला. तोवर रानातली ती जागा गाव झाली होती.

याच तानसेची दुसरी गोष्ट वरच्या अंगाला, शहापूर तालुक्यात घडली. १८९२मध्ये तिथं अडीच किलोमीटरहून लांब दगडी धरण पुरं झालं आणि नदीचं गार पाणी नळांतून मुंबईला निघालं. ते पाणी मोजलं जातं, त्याचं बिल येतं, नळ फुटला तर रात्रीतून माणसं धावतात. खालचं ऊन पाणी मात्र देवाचं म्हणून सगळ्यांचं, आणि सगळ्यांचं म्हणून राखायला कुणीच नाही, असं होऊ लागलं आहे. पावसाळ्यात नदी पात्रातली कुंडं पोटात घेते. पूर ओसरला की गाळ, आणि गाळात अडकलेलं प्लास्टिक. साबणाचा फेस रोजचाच. मला याहून जास्त काळजी खालच्या फटींची वाटते. असा झरा काही भेगांच्या आणि दाबाच्या भरवशावर वर येतो. आसपास भरमसाट बोअर मारून पाणी उपसलं, तर तो दाब कमी होऊ शकतो. देवळाचा कळस ढळला तर गाव गोळा होतो. कुंडाचं तापमान दोन अंशांनी उतरलं तर कळणार कुणाला? दर महिन्याला तापमान आणि पातळी मोजून भिंतीवर लिहून ठेवणं, एवढं काम गावातल्या शाळेची मुलंही करू शकतील.

त्या सकाळी आजी तासाभरानं उठल्या. पदर पिळला, माझा हात धरून पायरी चढल्या आणि पिशवीतून पाच लिटरचा कॅन काढला. जिथं पाणी कुंडात शिरतं, नेमक्या तिथं त्यांनी तो धरला. घरी अंथरुणाला खिळलेली जाऊ होती, तिच्या पायांसाठी. कॅन भरला तेव्हा प्लास्टिक मऊ पडलं होतं. पदराची चुंबळ करून त्यांनी तो कडेवर घेतला, लेकरासारखा, आणि एसटीच्या थांब्याकडे चालू लागल्या.