जहाजमालकाची जबाबदारी आणि आमच्या कापडाची गाठ

कळसाडी (जि. नंदुरबार) : आमच्या गावातून समुद्र दिसत नाही, पण या भागातील व्यापार समुद्राला पूर्वीपासून जोडलेला आहे. मोगल काळात सुरत-बुऱ्हाणपूर हा व्यापारी रस्ता नंदुरबारवरून जात असे. आज माल कंटेनरात भरून हजिरा किंवा न्हावाशेवा बंदराकडे जातो. एजंटाने कागद हातात दिला की आम्ही व्यापारी निश्चिंत होतो. माल बुडाला तर जहाजाचा मालक पुरे पैसे देईल, असा पुष्कळांचा समज आहे. हा समज महागात पडू शकतो.

समुद्रमार्गे माल नेण्याचा आपला कायदा १९२५ सालचा, म्हणजे इंग्रजांच्या अमलातला होता. २०२५ साली संसदेने त्याच्या जागी नवा कायदा संमत केला. जहाजाच्या बिल्टीचा, म्हणजे बिल ऑफ लेडिंगचा १८५६ चा कायदा आणि १९५८ चा व्यापारी जहाज कायदा यांच्या जागीही त्याच वर्षी नवे कायदे संमत झाले. मात्र कायदा नवा झाला तरी मालवाहू कंपनीच्या जबाबदारीचे मूळ नियम तेच राहिले आहेत. ते नियम अधिसूचना काढून बदलण्याचा अधिकार आता केंद्र सरकारला आहे, म्हणून यापुढे लक्ष ठेवणे जरूर आहे.

भरपाईला मर्यादा आहे. पूर्वी ती दर नगाला १०० पौंड होती. १९९३ च्या दुरुस्तीनुसार ती दर नगाला ६६६.६७ एसडीआर किंवा दर किलोला २ एसडीआर, यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक असून त्याचा रुपयातील भाव बदलत असतो.

आता हिशेब पाहा. एका कंटेनरात ८० किलोच्या २०० गाठी आहेत, म्हणजे वजन १६,००० किलो. बिल्टीवर ‘२०० गाठी’ असे लिहिले असेल तर मर्यादा १,३३,३३४ एसडीआर होते. नुसते ‘एक कंटेनर’ लिहिले असेल तर सगळा कंटेनर एकच नग धरला जातो आणि वजनाच्या हिशेबाने मर्यादा ३२,००० एसडीआरवर येते. माल तोच, जहाज तेच. एका ओळीने हक्क चौपटीने घटतो. माल भरण्यापूर्वी त्याची किंमत जाहीर करून बिल्टीवर नोंदवली तर ही मर्यादा लागत नाही, पण अशा वेळी भाडे जास्त पडू शकते. शिवाय मर्यादा म्हणजे हमखास मिळणारी रक्कम नव्हे. नुकसान आपल्यालाच सिद्ध करावे लागते.

दुसरी गोष्ट अधिक कडू आहे. जहाज हाकण्यात कप्तानाची किंवा खलाशांची चूक झाली, अथवा मालकाचा दोष नसताना आग लागली, तर मालाच्या नुकसानीतून कंपनी सुटू शकते. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर होऊन सुमारे ३०० कंटेनर समुद्रात पडले. असा प्रसंग ओढवला तर व्यापाऱ्याला खरा आधार सागरी विम्याचाच असतो.

तरीही इन्साफाचा दरवाजा बंद नाही. २०१७ च्या कायद्यान्वये मुंबई, गुजरात, केरळ अशा किनारी राज्यांच्या उच्च न्यायालयांना सागरी दाव्यासाठी जहाज अडकवून ठेवता येते. मे २०२५ मध्ये सहाशेहून अधिक कंटेनर घेऊन ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज केरळच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर बुडाले. तेव्हा काजूच्या आयातदारांनी सुमारे सहा कोटी रुपयांचा दावा केला आणि केरळ उच्च न्यायालयाने त्याच कंपनीशी संबंधित ‘मानसा एफ’ हे दुसरे जहाज अडकवण्याचा हुकूम दिला. जहाज थांबले की मोठ्या कंपनीलाही जामीन घेऊन कोर्टात यावे लागते.

म्हणून आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांना आमची विनंती आहे :

बिल्टीवर कंटेनरबरोबर आतल्या गाठींची संख्या व वजन लिहून घ्या. दहा जणांचा माल एका कंटेनरात जात असेल तर फॉरवर्डरकडून आपल्या वाट्याच्या गाठींची नोंद वेगळी घ्या. माल खराब निघाला तर ताबा घेतानाच लेखी तक्रार द्या. नुकसान वरून दिसत नसेल तर तीन दिवसांच्या आत द्या. दाव्याची मुदत एक वर्षाची आहे. एजंटाच्या तोंडी भरवशावर ती घालवू नका. आणि विमा कितीचा आहे, कोणत्या जोखमीचा आहे, हे माल निघण्यापूर्वी वाचून घ्या.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, अशी ताकीद सूरह बकरामध्ये आहे. आम्ही दुकानाच्या वहीत ती पाळतो. जहाजाच्या बिल्टीतही ती पाळली पाहिजे. कारण समुद्रात माल गेल्यावर आमच्या हाती उरतो तो कागदच.