जुनी इंडक्शन शेगडी तापत नाही? आधी भांडे तपासा, मग शेगडी

मुंबई : शिक्षण वा नोकरीसाठी परगावी भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना सेकंड-हँड इंडक्शन शेगडीचा मोठा आधार असतो. मात्र घरी आणलेली शेगडी दिवे लागूनही तापत नाही, दोन-तीनदा 'बीप' करून बंद पडते, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. अशा वेळी ती भंगारात काढण्याची किंवा लगेच उघडून पाहण्याची घाई करू नये. दोष शेगडीत नसून भांड्यात, प्लगच्या जागेत किंवा शेगडी ठेवण्याच्या पद्धतीत असण्याची शक्यता बरीच असते. तपासणीचा क्रम योग्य ठेवल्यास पैसे वाचतात आणि विजेचा धोकाही टळतो.

शेगडी नव्हे, भांडे तापते

मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे तत्त्व मांडले. इंडक्शन शेगडी त्याच तत्त्वावर चालते. काचेखाली तांब्याच्या तारेचे चपटे वेटोळे असते. घरात येणारा ५० हर्ट्झचा वीजप्रवाह आधी एकदिश केला जातो आणि नंतर 'आयजीबीटी' नावाच्या अर्धवाहक स्विचच्या साहाय्याने सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा उलटसुलट होऊन या वेटोळ्यातून वाहतो. त्यामुळे निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र भांड्याच्या बुडात भोवरा-प्रवाह उत्पन्न करते आणि बूड आतूनच तापते. काच तापते ती केवळ भांड्याच्या उष्णतेने.

म्हणूनच योग्य भांडे नसेल तर उत्तम स्थितीतील शेगडीही तापत नाही. सुरू होताच ती वर ठेवलेल्या भांड्याचा अंदाज घेते आणि अपेक्षित प्रतिसाद न मिळाल्यास 'बीप' करून थांबते. हा बिघाड नसून संरक्षणाची व्यवस्था आहे.

लोहचुंबकाची कसोटी

पहिली चाचणी साध्या लोहचुंबकाची. तो भांड्याच्या बुडाला घट्ट चिकटला पाहिजे. ॲल्युमिनियम, पितळ, तांबे, काच आणि माती यांची भांडी नेहमीच्या घरगुती इंडक्शनवर चालत नाहीत. स्टीलच्या बाबतीत मात्र फसगत होते. भारतीय स्वयंपाकघरातील अनेक डबे-पातेली अचुंबकीय स्टीलची असतात. साच्यात दाबून घडवताना अशा स्टीलमध्ये किंचित चुंबकीय गुण येऊ शकतो, त्यामुळे लोहचुंबक जेमतेम चिकटतो, पण तेवढ्याने शेगडी चालेलच असे नाही. तांब्याचा मुलामा दिलेल्या बुडाच्या जुन्या पातेल्यांबाबतही हीच अडचण येते. 'इंडक्शन बेस' असलेल्या कुकरच्या बुडाला चुंबकीय स्टीलचा थर मुद्दाम बसवलेला असतो.

बुडाचा आकारही महत्त्वाचा. बिडाचा तवा चुंबकीय असतो, पण तो खोलगट असेल तर काचेला पुरेसा टेकत नाही. गोल बुडाची कढई आणि चहाचे अगदी लहान भांडे यांचीही शेगडी अनेकदा दखल घेत नाही. शंका असल्यास दुसऱ्या चालू इंडक्शनवर वापरले जाणारे सपाट बुडाचे भांडे आणून त्यात पाणी घालावे आणि ते मधोमध ठेवून पाहावे. त्यावर शेगडी तापली तर प्रश्न तिथेच मिटला.

दिवाच लागत नसेल तर

पॅनेलवर काहीच दिसत नसेल, तर तोच सॉकेट दुसऱ्या उपकरणाने तपासावा. २,००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेते, तर ६ अँपिअरच्या सॉकेटची मर्यादा १,३८० वॅटच्या आसपास संपते. म्हणून शेगडी १६ अँपिअरच्या सॉकेटवरच लावावी. हलक्या एक्स्टेन्शन बोर्डवर ती लावल्यास व्होल्टेज घसरून शेगडी थांबते आणि वायर तापून आग लागण्याचा धोका असतो. प्लगच्या पिना काळवंडलेल्या असतील किंवा वायर मुळाशी मऊ, वितळल्यासारखी झाली असेल, तर वापर तिथेच थांबवावा.

प्लग लावताच घरातील एमसीबी पडत असेल, तर आत शॉर्टसर्किट झाल्याची ती खूण होय. एमसीबी पुन्हा पुन्हा वर करून पाहणे टाळावे.

दिवे लागतात पण बटणे प्रतिसाद देत नाहीत, अशा स्थितीत 'चाइल्ड लॉक' सुरू नाही ना हे पाहावे. बऱ्याच मॉडेलमध्ये ठरावीक बटण काही सेकंद दाबून धरल्यावर ते निघते.

थोडा वेळ तापून थांबत असेल तर

हे लक्षण बहुधा हवा न खेळण्याचे असते. आतला पंखा वेटोळे आणि आयजीबीटी थंड ठेवतो आणि हवा सहसा खालच्या जाळीतून घेतो. शेगडी वर्तमानपत्रावर, कापडावर किंवा प्लॅस्टिकच्या आच्छादनावर ठेवली की ही वाट बंद होते. ती कठीण, सपाट पृष्ठभागावर आणि भिंतीपासून थोडी दूर ठेवावी. प्लग काढून, कोरड्या मऊ ब्रशने जाळीतील धूळ व तेलकट मळ झाडावा. शेगडी तापत असताना पंख्याचा आवाजच येत नसेल किंवा घरघर ऐकू येत असेल, तर पंखा बदलण्याची गरज असू शकते. हे काम तुलनेने स्वस्तात होते.

काचेखालचा उष्णता-संवेदकही कारणीभूत असू शकतो. तो निसटला किंवा बिघडला तर शेगडी चुकीचे तापमान वाचते. पॅनेलवर दिसणारे 'ई ०', 'ई १' असे संकेत याबाबत दिशा दाखवतात, मात्र त्यांचे अर्थ उत्पादकानुसार बदलतात. तळावरील मॉडेल क्रमांक पाहून त्याच मॉडेलची माहितीपुस्तिका तपासणे श्रेयस्कर.

इथून पुढे तंत्रज्ञाकडे

योग्य भांडे, योग्य सॉकेट आणि मोकळी हवा असूनही शेगडी तापत नसेल, तर दोष आतील सर्किटमध्ये आहे. आयजीबीटी, एकदिशकारी ब्रिज, कपॅसिटर आणि फ्यूज हे त्यातील नेहमीचे संशयित. उबेच्या ओढीने आत शिरलेली झुरळे नियंत्रक बोर्डावर शॉर्टसर्किट घडवतात, हाही आपल्याकडचा परिचित अनुभव आहे.

नुसता फ्यूज बदलण्याचा मोह टाळावा. आयजीबीटी शॉर्ट झाल्यामुळेच फ्यूज उडाला असेल, तर नवा फ्यूजही क्षणात उडतो. फ्यूजच्या जागी तार बसवणे तर आगीला निमंत्रण ठरते. जाणकार कारागीर दुरुस्तीनंतर शेगडी आधी सिरीज बल्बमधून जोडून पाहतात. बल्ब पूर्ण प्रकाशाने पेटून राहिला, तर शॉर्ट अजून कायम आहे असे समजतात.

आतील कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्टचा दाब असू शकतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकू शकतो. त्यामुळे अनुभव नसताना शेगडी उघडू नये. काचेला तडा गेला असल्यास शेगडी चालू असली तरी वापरू नये, कारण सांडलेले पाणी थेट वीजवाहक भागांपर्यंत पोहोचू शकते. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी चालू शेगडीपासून सुमारे दोन फुटांचे अंतर राखावे आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पैसे देण्यापूर्वी पाण्याची चाचणी

सेकंड-हँड शेगडी घेताना स्वतःचे इंडक्शनयोग्य भांडे सोबत न्यावे. १,८०० वॅटवर झाकण ठेवून एक लिटर पाणी साधारण साडेतीन-चार मिनिटांत उकळायला हवे. त्याच्या दुप्पट वेळ लागला, तर शेगडी पूर्ण शक्तीने चालत नाही किंवा तिथे व्होल्टेज कमी आहे. त्यानंतरही दहा मिनिटे ती चालू ठेवून पाहावी, कारण पंख्याचा दोष सुरुवातीला लक्षात येत नाही. सोबतच काच, वायर, प्लग आणि तळाचे स्क्रू तपासावेत. स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या असतील, तर शेगडी पूर्वी उघडली गेली आहे असे समजून तशी विचारणा करावी.

पंखा, फ्यूज किंवा संवेदक बदलण्यापुरते काम असेल तर दुरुस्ती परवडते. पूर्ण बोर्ड किंवा काच बदलावी लागत असेल, तर आधी खर्चाचा अंदाज घ्यावा आणि तो नव्या शेगडीच्या निम्म्या किमतीपलीकडे गेल्यास नवी घेण्याचा विचार करावा. निकामी शेगडी घरच्या कचऱ्यात टाकू नये. देशात १ एप्रिल २०२३ पासून ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ लागू आहेत, त्यामुळे ती अधिकृत संकलन केंद्राकडे किंवा नोंदणीकृत पुनर्चक्रण व्यावसायिकाकडे सोपवावी. वेटोळ्यातील तांबे तिथून पुन्हा वापरात येऊ शकते.