मरजानला हवे वाहते पाणी

मरजान हा शब्द आपल्या घरांना नवा नाही. सूरह रहमानमध्ये मोत्यांच्या जोडीने मरजानचा उल्लेख येतो. काही मुफस्सिरांनी त्याचा अर्थ बारीक मोती असाही घेतला आहे, पण बोलीत मरजान म्हणजे मूंगा, मराठीत पोवळे. अंगठीतले लाल पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातल्या अंधाऱ्या कपारींतून येते. मोबाइलवरच्या व्हिडिओत निळ्या दिव्याखाली, काचेच्या पेटीत डुलताना दिसतात ते प्रवाळ त्याचे दूरचे भाऊबंद.

आमच्या तलवाड्यापासून समुद्र जवळपास ३०० किलोमीटर दूर. तरी नववीच्या वर्गात प्रश्न आलाच, "सर, त्या पेटीत पाण्याखाली पंखे कशाला लावतात?" मासे तर स्वतः पोहतात, मग पाणी कोणासाठी हलवायचे? मासे पाळणाऱ्या मोठ्या माणसांनाही हा प्रश्न सहसा सुचत नाही.

प्रवाळ दिसते झुडपासारखे, पण तो प्राणी आहे. खरे तर हजारो चिमुकल्या प्राण्यांची ती वसाहत असते, आणि ती खडकाला कायमची चिकटलेली असते. भूक लागली तर तिला उठून जाता येत नाही. अन्नाचे कण, प्राणवायू, सांगाड्यासाठी लागणारे कॅल्शियम, सारे पाण्यानेच दारात आणून द्यायचे आणि घाणही पाण्यानेच उचलून न्यायची. पाणी थांबले की प्रवाळाच्या कातडीला लागून पाण्याचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर बसतो. तो जितका जाड, तितकी ही देवघेव मंद. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते दिवसा उजेडात अन्न तयार करते आणि त्या वेळी प्राणवायू इतका साठतो की तोच त्रासदायक ठरतो. तोही वाहत्या पाण्यानेच बाहेर पडतो. १९९८ साली समुद्र तापून जगभरचे प्रवाळ पांढरे पडले. तेव्हा जपानच्या ओकिनावा बेटांवर अभ्यास करणाऱ्या संशोधकांना असे आढळले की, जिथे पाणी खेळते होते तिथले प्रवाळ तग धरण्याची शक्यता अधिक होती.

हे सगळे दूरदेशीचेच आहे असे नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहेत. १९८७ मध्ये जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्याचे ते एक मोठे कारण. मुंबईत हाजीअलीच्या परिसरातल्या खडकांवरही प्रवाळ सापडले. दर्ग्यावर जियारतीला गेलेल्या आपल्यापैकी कितीजण त्यांच्या जवळून गेले असतील, आणि कोणालाच पत्ता नसेल! मुंबईचे पाणी गढूळ. तरी तिथे हा जीव टिकतो, त्याला भरती-ओहोटीचा मोठा आधार आहे. उधाणाच्या दिवशी तिथे पाणी ४ मीटरहून अधिक चढते-उतरते आणि त्या ओढीने प्रवाळावर बसलेला गाळ धुऊन निघतो.

सागरी किनारा मार्गाचे काम निघाले तेव्हा, २०२० साली, वरळी आणि हाजीअलीच्या मोजक्या वसाहती खडकावरून सोडवून मुंबईतच दुसऱ्या जागी हलवण्यात आल्या. मार्गदर्शन गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे होते. त्यासाठी वन विभागाची परवानगी घ्यावी लागली. समुद्रातल्या प्रवाळाशी वन विभागाचा संबंध काय, असे वाटेल. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारे सगळे टणक प्रवाळ आहेत, म्हणजे वाघाच्याच पंगतीत. सागरी पंखे आणि काळे प्रवाळही त्याच यादीत. महापालिकेला जिथे कागद करावे लागले, तिथे घरच्या पेटीसाठी कोणी पिशवीत घालून टणक प्रवाळ विकत असेल, तर तो गुन्हा आहे आणि विकत घेणाराही त्यातून सुटत नाही. पालकांनी ही गोष्ट हौसेला पैसे देण्याआधी मुलांना सांगावी. मऊ प्रवाळांचे बरेच प्रकार या यादीत नाहीत. तेही पक्की पावती आणि जातीचे नाव घेतल्याशिवाय घेऊ नयेत, असे आमचे मत.

आता पेटी. समजा ती ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३५ उंच आहे. भरते ६३ लिटर. दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी राहते ५० लिटर. मऊ प्रवाळांसाठी हौशी लोकांचा ढोबळ हिशेब असा की, पेटीतल्या पाण्याच्या १० ते २० पट पाणी दर तासाला फिरावे. २० पट धरले तर १००० लिटर. मग दुकानातून १००० लिटरचा पंप आणला की झाले? इथेच फसगत होते. १००० लिटर तासाला म्हणजे सेकंदाला सुमारे २७८ मिलिलिटर. एवढे पाणी १ सेंटिमीटर व्यासाच्या तोंडातून काढले तर त्याचा वेग सेकंदाला साडेतीन मीटर होतो. समोरच्या प्रवाळाचे मांस सोलून निघेल. तेच पाणी ५ सेंटिमीटर व्यासाच्या तोंडातून सोडले तर वेग होतो १४ सेंटिमीटर. पाणी तेवढेच, पण एकात तडाखा आणि दुसऱ्यात झुळूक. म्हणून पेटीत रुंद तोंडाचे, पात्याचे पंप लावतात. मुलांना दिसलेले पंखे ते हेच.

एक मोठा पंप लावण्यापेक्षा दोन छोटे, समोरासमोरच्या भिंतींवर थोडे तिरके लावून आलटून-पालटून चालवलेले बरे. समुद्रात लाट येते आणि परत फिरते. एकाच बाजूने अखंड मारा झाला तर प्रवाळ त्या बाजूने मिटतो आणि मागच्या आडोशाला घाण साचते. बारीक खाद्याची चिमूट पाण्यात सोडून पाहावे. कण जिथे घुटमळून खाली बसतात, तिथे पाणी मेलेले आहे. वाळू उडून खड्डा पडत असेल तर जोर जास्त झाला. प्रवाळाची बोंडे सगळ्या दिशांना सावकाश डुलत राहिली पाहिजेत, एकाच बाजूला आडवी झोपलेली नकोत.

आमच्या भागात आणखी दोन अडचणी. पंप पाण्यातच असतो, त्यामुळे तो पाणी तापवतोही. प्रवाळाला २५-२६ अंश मानवतात आणि बीड जिल्ह्याचा मे महिना आपल्याला माहीत आहेच. दुसरी अडचण विजेची. दिवा गेला तर काही तास चालते, प्रवाह थांबलेला चालत नाही. छोट्या पेटीत पाणी कमी, म्हणून प्राणवायूही लवकर संपतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवल्याखेरीज ही पेटी करूच नये. ज्या गावात पिण्याचे पाणी दिवसाआड येते, तिथे अशा पेटीसाठी गाळलेले गोडे पाणी दर आठवड्याला लागणार, हेही घरात बसून ठरवावे.

पेटी न करताही प्रवाह मात्र शिकता येतो. हवाई बेटांवरच्या वाइकीकी मत्स्यालयाचे ब्रूस कार्लसन यांनी प्रवाळांसाठी लाट निर्माण करणारी एक साधी युक्ती प्रचारात आणली. उंचावर एक टाकी, तिच्यात पंपाने सावकाश भरणारे पाणी आणि आत उलट्या यू आकाराची नळी. पाणी नळीच्या वाकणावर गेले की सगळी टाकी एका दमात खाली पेटीत रिकामी होते, नळीत हवा शिरते, ओढ तुटते आणि टाकी पुन्हा भरू लागते. तत्त्व वक्रनलिकेचे. वर्गात आम्ही ५ लिटरचा तेलाचा रिकामा डबा, बोटाएवढी नळी आणि नळाचे पाणी एवढ्यावर हे करून घेतो. खाली बादली ठेवतो, म्हणजे पाणी वाया जात नाही. नळ फार बारीक सोडला तर पाणी वाकणावरून नुसते पाझरत राहते आणि लाट येतच नाही. नळ थोडा मोठा केला की तीन-चार मिनिटांत भरलेला डबा अर्ध्या मिनिटात खळखळून रिकामा होतो, आणि मुले पुढच्या लाटेसाठी सेकंद मोजू लागतात.