काटकसरी गाडीचा पहिला हिवाळा

‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ गाडी कुणाचीही असो, आपल्याकडचा पहिला प्रश्न ठरलेला. रंग, मॉडेल, कितवा मालक, हे सगळं नंतर. मास्टर्ससाठी अमेरिकेत गेल्यावर पहिली सेकंड हॅण्ड गाडी बघायला गेले, तेव्हा मीही हेच विचारलं. उत्तर आलं, ‘गॅलनला ५० मैल.’ मनातल्या मनात हिशेब केला. लिटरला साधारण २१ किलोमीटर. तेही चारचाकीला! मी तिथेच विरघळले.

यंदा तुमच्यापैकी काही जण व्हिसाच्या रांगेत असतील, काहींच्या बॅगा भरून झाल्या असतील. काही जण इथेच राहून ‘आता हायब्रिडच घेऊया’ म्हणून बाबांच्या मागे लागले असतील. दोघांनीही ही गोष्ट ऐका. ५० हा आकडा खोटा नव्हता. फक्त तो जूनचा होता. जानेवारीचा आकडा कुणी मला सांगितला नाही आणि मीही विचारला नाही.

प्लग कुठाय?

माझं गाव हॉटन. मिशिगनच्या उत्तर टोकाला, लेक सुपीरियरजवळ. इथे एका हिवाळ्यात सरासरी २०० इंचांहून जास्त बर्फ पडतो. म्हणजे पाच मीटर. एकदम नाही, हप्त्याहप्त्याने! गाव उतारावर वसलेलं, खाली कालवा, कालव्यावर उचलता येणारा पूल आणि पलीकडे हॅनकॉक. भाजी आणायची तर चढ, कॉलेजला जायचं तर उतार. इथे गाडी चैन नसते, गरज असते. म्हणून साठवलेल्या पैशांतून टोयोटाची २०१२ची प्रियस सी घेतली. लहानशी, हॅचबॅक, कुठेही मावणारी.

घरी व्हिडीओ कॉलवर गाडी दाखवली. आईचा पहिला प्रश्न, ‘अगं, पण चार्जिंगला कुठे लावणार?’ तुम्हालाही हाच प्रश्न पडला असेल, तर उत्तर सोपं आहे: कुठेच नाही. या गाडीला प्लगच नाही. तिच्यात दीड लिटरचं पेट्रोल इंजिन आहे, इलेक्ट्रिक मोटर आहे आणि मागच्या सीटखाली एक बॅटरी आहे. साध्या गाडीत ब्रेक दाबला की तुमच्या वेगाची उष्णता होऊन ती हवेत जाते. इथे ब्रेक दाबला की मोटर उलटं काम करते, वीज बनवते आणि ती बॅटरीत भरते. सिग्नलवर इंजिन बंद. हळूहळू पुढे सरकायचं असेल तर बॅटरीवर. म्हणून ही गाडी हायवेपेक्षा गावातल्या गर्दीत जास्त अ‍ॅव्हरेज देते. आपल्या नेहमीच्या अनुभवाच्या बरोबर उलट.

पहिल्या दिवशी बटण दाबलं, तर आवाजच नाही. मला वाटलं बंद पडली. तीनदा तेच केलं. शेवटी लक्षात आलं की समोर ‘रेडी’ असा दिवा लागलाय, म्हणजे गाडी केव्हाची चालू आहे!

उरलंसुरलं काहीच नाही

पहिला मोठा बर्फ पडला आणि अ‍ॅव्हरेज घसरायला लागलं. जानेवारीत कॉलेज, घर, दुकान एवढ्याच छोट्या फेऱ्या होत्या आणि डॅशबोर्डवरचा आकडा ३४वर आला. गाडी बिघडली असं समजून मी घाबरले. गाडीला काही झालेलं नव्हतं. मलाच तिचा स्वभाव कळला नव्हता.

साधं पेट्रोल इंजिन तसं उधळ्या माणसासारखं. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा मोठा भाग ते उष्णता म्हणून वाया घालवतं. हिवाळ्यात हीटर लावता तेव्हा ती वाया गेलेलीच उष्णता तुमच्या पायांवर येते, म्हणजे फुकटात. हायब्रिड मात्र काटकसरी गृहिणीचं घर. मोजून रांधायचं, उरवायचं नाही. पण अशा घरात अवेळी पाहुणा आला तर पुढ्यात ठेवायला उरलंसुरलं काही नसतं, नव्याने चूल पेटवावी लागते. थंडी हा तो पाहुणा. तुम्ही हीटर लावून सिग्नलला थांबता, इंजिन बंद व्हायला बघतं, पण पाणी गार होऊ लागतं आणि ते पुन्हा सुरू होतं. चाकांसाठी नाही, तुमच्या पायांसाठी! शिवाय थंडीत बॅटरी वीज पटकन घेत नाही आणि पटकन देतही नाही.

अमेरिकेच्या सरकारी माहितीनुसार २५ अंशांऐवजी उणे ७ अंश तापमान असेल, तर साध्या पेट्रोल गाडीचं शहरातलं अ‍ॅव्हरेज साधारण १५ टक्क्यांनी घटतं. हायब्रिडचं घटतं ३० ते ३४ टक्क्यांनी. म्हणजे दुप्पट. माझं ५०चं ३४ झालं, ते अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं.

मग फसले का? पुढचा हिशेब करा. तेवढ्याच आकाराची साधी गाडी उन्हाळ्यात गॅलनला ३० मैल देत असेल, तर थंडीत ती २५-२६वर येईल. माझी ३४वर. पडूनही पुढेच. फायदा कमी झाला, संपला नाही. फक्त खिशाचं गणित ५०वर मांडायचं नसतं.

ब्रेक लागला, गाडी थांबली नाही

पैशांचं झालं. आता त्याहून महत्त्वाचं.

डिसेंबरमधली एक संध्याकाळ. कालव्याकडे जाणारा उतार, रस्त्यावर काचेसारखा गुळगुळीत बर्फ. वेग अगदी सायकलचा. चौकाआधी ब्रेक दाबला, पायाखाली खडखड झाली आणि गाडी सरळ चौक ओलांडून पलीकडे जाऊन थांबली. आडव्या रस्त्याने तेव्हा कुणी येत नव्हतं, म्हणून आज हे लिहितेय. हात कापत होते. कितीतरी वेळ तशीच बसून राहिले.

दोष हायब्रिडचा नव्हता, टायरचा होता. गाडीला बारमाही टायर होते आणि तेही झिजलेले. तापमान साधारण ७ अंशांच्या खाली गेलं की साध्या टायरचं रबर कडक होतं आणि पकड सुटते. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. त्यावर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचं चिन्ह असतं, ते बघून घ्या. आणि चारही घ्या. दोनच बदलले तर पुढचा भाग धरून राहतो आणि मागचा फिरतो. चार टायरना महिन्याच्या जेवणापेक्षा जास्त पैसे गेले. महिनाभर खिचडी खाल्ली. पण गाडी घ्यायच्या बजेटमध्ये हे टायर पहिल्या दिवसापासून धरायला हवे होते.

हवाही तपासत राहा. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण एक पीएसआयने कमी होते. उन्हाळ्यात भरलेली हवा जानेवारीत सहा-सात पीएसआयने कमी भरते.

मोठी बॅटरी भरलेली, गाडी मेलेली

फेब्रुवारीत करिअर फेअर होती. एका कंपनीसाठी महिनाभर तयारी केली होती, सकाळी नऊचा स्लॉट मिळाला होता. आदल्या रात्री रूमवर कलकल होती, म्हणून गाडीत बसून घरी फोन लावला. ब्रेकवर पाय न ठेवता नुसतं बटण दाबलं. रेडिओ लागला, फोन चार्ज होऊ लागला, तासभर गप्पा झाल्या. बाहेर उणे १८.

सकाळी गाडी ढिम्म. दारही रिमोटने उघडेना.

हायब्रिडमध्ये दोन बॅटऱ्या असतात, हे मला तेव्हा कळलं. मोठी चाकांसाठी. छोटी, १२ व्होल्टची, गाडीतला कॉम्प्युटर जागा करायला. छोटी बसली तर मोठी भरलेली असूनही उपयोग शून्य. ब्रेक दाबून ‘रेडी’ केलं नाही, तर तुमची गाणी आणि फोन त्या छोट्या बॅटरीवर चालतात. थंडीत तिची ताकद तशीही कमी. वरच्या मजल्यावरच्या सांगलीच्या दादाने आपल्या जुन्या गाडीतून जंप दिला. दहा मिनिटांचं काम. पण तो उठून, तयार होऊन खाली येईपर्यंत माझा स्लॉट गेला.

त्यामुळे हे लिहून ठेवा. गाडीत थांबायचं असेल तर ‘रेडी’ करूनच थांबा, पण आधी सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा आणि बंद गॅरेजमध्ये हे कधीच करू नका. इंजिन आपणहून सुरू होतं आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. रिमोटच्या आत लपलेली धातूची किल्ली कुठे आहे ते आजच शोधा. जंप केबल, फावडं आणि एक ब्लँकेट डिकीत ठेवा. मागच्या सीटजवळ बॅटरीच्या पंख्याची जाळी असते, तिच्यावर जॅकेट टाकू नका. आणि सकाळी गाडी दहा मिनिटं उभ्या उभ्या तापवू नका. काचा पूर्ण साफ करा, अर्ध्या मिनिटाने निघा आणि पहिले दोन मैल हळू चालवा. इंजिन चालत्या गाडीतच लवकर तापतं.

आणि पुण्यात?

‘आमच्याकडे कुठे बर्फ?’ असं म्हणाल. बर्फ नाही, पण ट्रॅफिक आहे आणि तिथेच ही गाडी कमावते. मे महिन्यातही इंजिन बंद असताना एसी चालू राहतो, कारण तो विजेवर चालतो. आपल्याकडे २०२२ मध्ये होंडा सिटी, ग्रँड विटारा, हायरायडर यांच्या हायब्रिड आवृत्त्या आल्या. शोरूममध्ये एकच विचारा, ‘ही नुसत्या मोटरवर चालते का?’ ‘स्मार्ट’ किंवा ‘माइल्ड’ हायब्रिडमधली मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते. ‘स्ट्राँग’ हायब्रिड काही अंतर एकट्या मोटरवर जाते. आणि तुमचा रोजचा प्रवास बहुतेक एक्स्प्रेस-वेवर असेल, तर जास्तीची किंमत वसूल व्हायला वेळ लागेल.

मी ती गाडी तीन हिवाळे चालवली. दुसऱ्या वर्षी करिअर फेअरला वीस मिनिटं आधी पोहोचले, हिवाळी टायरवर. शिक्षण संपल्यावर गाडी नाशिकहून आलेल्या एका ज्युनिअरला विकली. तिनेही पहिला प्रश्न तोच विचारला, ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’

मी म्हटलं, ‘कुठल्या महिन्यातलं सांगू?’