कुत्रा हरवला, तर पहिल्या काही तासांत

पहिली फेरी घराभोवतीच मारा. घाबरलेला कुत्रा पुष्कळदा जवळपासच लपतो: जिन्याखाली, गाडीखाली, बांधकामाच्या जागी. दिवाळीत फटाक्यांना भिऊन पळालेला तर स्वतःच्या माणसाच्या हाकेलाही ओ देत नाही. दिसला तरी त्याच्यामागे धावू नका, तो आणखी दूर पळेल. अंग त्याच्याकडून थोडं वळवून खाली बसा, नजर रोखू नका, आवडीचा खाऊ दाखवत हळू बोला. पहाटे रस्ते शांत असतात, तेव्हा पुन्हा शोधा. वॉचमन, दूधवाले, पेपर टाकणारी मुलं आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालणारी माणसं यांना फोटो द्या. महापालिकेचा श्वानविभाग आणि जवळचे पशुवैद्य यांनाही कळवा.

कुत्र्याच्या कातडीखाली बसवतात त्या मायक्रोचिपबद्दल मोठा गैरसमज आहे. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप कुत्रा कुठे आहे हे सांगत नाही. तिच्यात फक्त १५ अंकी क्रमांक असतो, तोही स्कॅनर जवळ धरल्यावरच दिसतो. त्या क्रमांकाच्या नोंदणीत तुमचा जुना मोबाइल नंबर राहिला असेल, तर चिप असून उपयोग नाही. म्हणून गळ्यातल्या पट्ट्यावर ठळक फोन नंबर हवाच. तो कोणालाही वाचता येतो.