इवली मोटार, मोठा व्यवहार

वर्षअखेरीची धामधूम आटोपल्यानंतरच्या एका दुपारी आमच्या शाखेत एक तरुण ग्राहक मुदत ठेवीची पावती घेऊन आले. मुदत संपण्यास अद्याप सात महिने अवकाश होता. मुदतपूर्व रक्कम काढल्यास व्याज कमी मिळते, हे सांगणे माझे कर्तव्य होते. ते सांगताना सहज कारण विचारले. आजारपण, मुलांचे शुल्क, घराचे बांधकाम अशा उत्तरांची सवय झालेल्या कानांना त्यांचे उत्तर नवीन होते.

“साहेब, मोटारींची मॉडेल्स घ्यायची आहेत. चीनमध्ये तयार होतात. मर्यादित आवृत्ती आहे. अठरा हजार ॲडव्हान्स देऊन झाला, आता उरलेले भरायचे. दोन वर्षांत दुप्पट होतील. तुमची ठेव काय देते?”

प्रश्न बँकेला उद्देशून होता. परंतु तो चुकून योग्य माणसाला विचारला गेला होता. गेली आठ वर्षे रविवारच्या दुपारी मी स्वतः मोटारींचे प्लॅस्टिकचे जोडसंच जोडत बसतो. त्या दिवशी काउंटरवर गर्दी होती आणि माझे उत्तर अपुरे राहिले. ते सविस्तर देण्याचा हा प्रयत्न आहे. छंद कोणताही असो, त्यामागील अर्थव्यवहार समजून घेतला तर छंदाचा आनंद वाढतो आणि खिसाही सुरक्षित राहतो.

प्रमाणाचे गणित

मोटारीची प्रतिकृती एका ठरावीक प्रमाणात लहान केलेली असते. साडेचार मीटर लांबीची मोटार १:१८ या प्रमाणात २५ सेंटिमीटरची होते, १:२४ मध्ये सुमारे १९ सेंटिमीटरची, १:४३ मध्ये साडेदहा सेंटिमीटरची, तर १:६४ मध्ये ती जेमतेम सात सेंटिमीटरची होऊन तळहातावर मावते. हे आकडे मनास येतील तसे ठरलेले नाहीत. एक फुटासाठी अर्धा इंच धरला की १:२४ हे प्रमाण येते. १:४३ हे प्रमाण ब्रिटनमधील खेळण्यातील आगगाड्यांकडून आले. तेथे एका फुटासाठी सात मिलिमीटर धरीत.

बाजारात दोन प्रकार दिसतात. पहिला डाय-कास्टचा, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूचा रस पोलादी साच्यात दाबाने भरून तयार केलेली, रंगविलेली, पेटीतून काढून थेट कपाटात ठेवण्याजोगी मोटार. दुसरा जोडसंचाचा. त्यात प्लॅस्टिकच्या चौकटीला जडलेले शेकडो सुटे भाग मिळतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे काम घेणाऱ्याचे. येथील चिकटद्रव्य साध्या डिंकासारखे नसते. ते प्लॅस्टिकचा पृष्ठभाग किंचित विरघळविते आणि दोन भाग एकजीव करते. त्यामुळे एकदा वाकडा बसलेला दरवाजा जन्मभर वाकडाच राहतो, हे मी अनुभवाने सांगतो.

साच्याची किंमत

एवढ्याशा वस्तूची किंमत इतकी का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. प्लॅस्टिक स्वस्त असते. महाग असतो तो साचा. पोलादाच्या ठोकळ्यात मोटारीचा प्रत्येक भाग उलट आकारात कोरावा लागतो. मोटारीचे वरचे शरीर एकसंध काढायचे तर साचा केवळ वर-खाली उघडून चालत नाही, त्याला बाजूंनीही सरकणारे भाग लागतात. मूळ मोटारीची मोजमापे घेण्याचा खर्च वेगळाच. जपानमधील शिझुओका शहरातील तामिया या कंपनीने १९७६ मध्ये पोर्श मोटारीचा १:१२ प्रमाणातील संच काढला. त्यासाठी पुढे कंपनीचे अध्यक्ष झालेल्या शुन्साकु तामिया यांनी खरी पोर्श ९११ विकत घेऊन तिचे भाग सुटे केले होते.

समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका साच्याला पन्नास लाख रुपये लागले असे धरा. त्यातून पाच हजार संच विकले गेले तर प्रत्येक पेटीवर साच्याचे एक हजार रुपये पडतात. पन्नास हजार विकले गेले तर केवळ शंभर. स्थिर खर्च आणि उत्पादनसंख्या यांचे हे नाते वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही जाणतो. पण या छंदाचे सारे अर्थशास्त्र त्यात सामावले आहे.

यात परवान्याचा खर्च मिळवावा लागतो. मोटारीचा आकार आणि बोधचिन्ह वापरण्यास मूळ मोटार कंपनीची अनुमती लागते. फेरारीच्या प्रतिकृतींचा परवाना १९९९ पासून सुमारे पंधरा वर्षे प्रामुख्याने मॅटेल या अमेरिकी कंपनीकडे होता. २०१५ पासून बुरागो या नाममुद्रेच्या मोटारी त्या जागी आल्या.

आणखी एक गोष्ट ग्राहकाने ध्यानात ठेवावी. काही प्रतिकृती रेझिनच्या असतात. त्यांचा साचा पोलादाऐवजी सिलिकॉन रबराचा असतो. तो स्वस्त पडतो. मात्र काही डझन नग काढल्यावर झिजतो. अशा मोटारींवर ‘मर्यादित आवृत्ती’ लिहिलेले असते, तेव्हा ती मर्यादा पुष्कळदा उत्पादनपद्धतीतूनच आलेली असते. त्यामागे दुर्मीळतेचे फार मोठे रहस्य असतेच असे नाही.

कारखाना ते ग्राहक : चीनचा प्रवास

मॅचबॉक्स या इवल्या मोटारी लंडनच्या लेस्नी कंपनीने १९५३ पासून काढल्या. १९८२ मध्ये ती कंपनी आर्थिक संकटात सापडली आणि हाँगकाँगच्या युनिव्हर्सल समूहाने ती घेतली. उत्पादन मकाव आणि चीनकडे सरकले. इटलीची बुरागो २००५ मध्ये बंद पडली. तिचे नाव हाँगकाँगच्याच मे चियाँग समूहाकडे गेले. जर्मनीची सीएमसी ही कंपनी हजाराहून अधिक भागांच्या महागड्या प्रतिकृती चीनमध्ये हातांनी जुळवून घेते. साचा यंत्र घडविते. परंतु आरशाएवढा आरसा, सुईएवढा वायपर बसविण्यास हातच लागतात. ते हात दक्षिण चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात मिळाले.

पुष्कळ वर्षे हा व्यवहार एकाच दिशेने चालला. गाड्या चीनमध्ये तयार होत आणि युरोप-अमेरिकेतील कपाटांत जाऊन बसत. चिनी मुलांना मोटारीचा नाद लागला तो वेगळ्याच वाटेने. तामियाने १९८२ मध्ये ‘मिनी फोर-डब्ल्यूडी’ या बॅटरीवर धावणाऱ्या छोट्या चारचाकी संचांची मालिका सुरू केली. डिंक लागत नाही, रंग लागत नाही. भाग जुळवायचे, चालकयंत्र बसवायचे आणि वळणदार मार्गिकेवर शर्यत लावायची. नव्वदच्या दशकात या गाड्यांवरील जपानी चित्रमालिका चीनमध्ये दाखविली गेली आणि शाळकरी मुले अक्षरशः वेडी झाली. ग्वांगडाँगमधील शांतौ शहराचा चेंगहाई भाग खेळण्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील ऑल्डी या नाममुद्रेने अशाच गाड्या स्वस्तात घरोघर पोचविल्या. तिच्या मागील अल्फा ही कंपनी २००९ मध्ये शेंझेन शेअर बाजारात नोंदली गेली.

त्याच २००९ मध्ये चीन जगातील सर्वांत मोठी मोटार बाजारपेठ ठरला, हा योग अर्थपूर्ण आहे. शर्यती लावणारी ती मुले आता कमावती झाली होती. काहींनी खरी मोटार घेतली. काहींनी तिच्यासोबत तिची प्रतिकृतीही घेतली. चिनी मोटार कंपन्या नव्या मोटारीबरोबर तिची १:१८ प्रतिकृती काढून घेऊ लागल्या. संग्राहकांना आपल्या बालपणीच्या गाड्या हव्याशा वाटू लागल्या : १९५६ मध्ये चांगचुनच्या कारखान्यातून बाहेर पडलेला ‘जिएफांग’ म्हणजे ‘मुक्ती’ नावाचा ट्रक, नेत्यांची ‘होंगची’ म्हणजे ‘लाल ध्वज’, शांघायच्या रस्त्यांवरची सँटाना टॅक्सी. परदेशी कंपन्यांना या गाड्यांत रस नव्हता. त्यामुळे स्वदेशी उत्पादकांना हक्काचे क्षेत्र मिळाले.

जोडसंचांतही ट्रम्पेटर आणि मेंग या चिनी नाममुद्रा पुढे आल्या. ‘मेंग’ या शब्दाचा अर्थ स्वप्न. मेंगने फोर्ड जीटी-४० या शर्यतीच्या मोटारीचा १:१२ प्रमाणातील भव्य संच काढला. चेंगहाईच्याच रास्टार कंपनीने परवानाधारक मोटारींच्या प्रतिकृतींवर पाया रचला आणि २०१६ मध्ये स्पेनच्या एस्पान्योल या फुटबॉल क्लबवर ताबा मिळविला. खेळण्याच्या मोटारी विकून खरा फुटबॉल संघ घेता येतो, एवढे या बाजाराचे बळ वाढले होते.

एक उच्चार, दोन अक्षरे

आता मूळ मुद्दा : पैसे कसे दिले जातात? अनोळखी विक्रेत्यास आधी पैसे कोण देणार, आणि अनोळखी ग्राहकास आधी माल कोण पाठविणार? आयात-निर्यातीत ही कोंडी बँकेचे लेटर ऑफ क्रेडिट सोडविते. चीनमध्ये ताओबाओ या संकेतस्थळाने २००३ मध्ये त्याच तत्त्वाचा छोटा अवतार आणला, तो पुढे अलीपे म्हणून वाढला. ग्राहकाची रक्कम मध्यस्थाकडे थांबते. माल हाती आल्याचे ग्राहकाने कळविल्यावरच ती विक्रेत्यास मिळते.

मात्र नव्या प्रतिकृतींच्या बाजारात पूर्वनोंदणीची पद्धत रूढ आहे. उत्पादक नमुन्याचे छायाचित्र दाखवितो, ग्राहक काही रक्कम आधी भरतात आणि उरलेली माल तयार झाल्यावर देतात. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ग्राहक उत्पादकास बिनव्याजी खेळते भांडवल पुरवितो आणि मागणीचा अंदाजही फुकट देतो. म्हणून या आगाऊ रकमेचे स्वरूप काय, याला महत्त्व येते.

चिनी भाषेत या रकमेला ‘डिंगजिन’ म्हणतात. पण ती दोन प्रकारे लिहिली जाते आणि दोन्हींचा उच्चार एकच आहे. पहिल्या अक्षरावर छपराचे चिन्ह असते. तो कायद्याने मान्य केलेला इसार होय. ग्राहकाने व्यवहार मोडला तर तो बुडतो. विक्रेत्याने मोडला तर त्याला दुप्पट रक्कम परत करावी लागते. २०२१ पासून लागू झालेल्या चीनच्या नागरी संहितेनुसार असा इसार करारमूल्याच्या २० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. दुसऱ्या अक्षराच्या डावीकडे वाणीचे चिन्ह असते. ती निव्वळ आगाऊ रक्कम. व्यवहार फिसकटला तर ती मुळात परत करावयाची, पण दुपटीचे संरक्षण तिला नाही. एक व्यवहार छपराखालचा, दुसरा बोलण्यावरचा, अशी खूणगाठ मी माझ्यापुरती बांधली आहे.

आपल्याकडेही घर घेताना इसारपावती करणारा माणूस प्रत्येक शब्द तपासून घेतो. छंदाच्या बाबतीत तोच माणूस ‘ॲडव्हान्स’ या एका शब्दावर विसंबतो.

कपाटातील गुंतवणूक

दोन वर्षांत दुप्पट, हे गणित कितपत खरे? काही प्रतिकृतींच्या किमती वाढतात, हे निःसंशय. परंतु ठेवीत व्याजाचा करार असतो. येथे पुढचा ग्राहक जे देईल तेच मूल्य. चीनमध्ये माल आधीच उचलून चढ्या भावाने विकणाऱ्यास ‘पिवळा बैल’ म्हणतात. हे बैल बाजारात उतरले की मागणी फुगलेली दिसते. सर्वांनी एकदम विक्रीस काढले की भाव ढासळतो.

दुसरा धोका साच्याचाच. पोलादी साचा टिकतो. उत्पादकाने तो पुन्हा यंत्रावर चढविला की दुर्मीळ संच एका महिन्यात सुलभ होतो. जोडसंचांच्या कंपन्या जुने संच वेळोवेळी पुन्हा काढतातच. तिसरा धोका काळाचा. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाची भेसळ राहिली तर धातू आतून तडकत जातो आणि मोटार पेटीतच भुगा होते. मऊ टायरांतील द्रव्य कधी कधी प्लॅस्टिकला चिकटून ते वितळविते. ऊन लागले की पारदर्शक काचा पिवळ्या पडतात.

भारतातील ग्राहकास सीमाशुल्कही विचारात घ्यावे लागते. शुल्कसूचीत प्रमाणबद्ध प्रतिकृती खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात. खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले. विक्रेत्याने सांगितलेला भाव आणि दाराशी पडणारी किंमत यांत त्यामुळे मोठे अंतर पडते.

पुढे काय झाले?

त्या दिवशी मी आमच्या ग्राहकास तीनच प्रश्न विचारले. दिलेली रक्कम इसार आहे की नुसती आगाऊ? ती कोणत्या कागदावर लिहिली आहे? आणि दोन वर्षांनी या मोटारी घेणारा माणूस आज तुमच्या ओळखीचा आहे का? ते थोडा वेळ पावतीकडे पाहत राहिले आणि ती खिशात घालून परत गेले.

त्यांचे अठरा हजार रुपये एका मध्यस्थाकडे होते आणि पुरावा म्हणून भ्रमणध्वनीवरील चार ओळींचा निरोप. माल येण्याची तारीख तीनदा पुढे गेली, मग उत्तरे येणेच थांबले. चीनच्या कायद्यातील दुपटीची तरतूद त्यांच्या कामी येण्यासारखी नव्हती, कारण त्यांचा करार उत्पादकाशी झालेलाच नव्हता. ती रक्कम बुडाली. ठेव मात्र वाचली आणि मुदतीला पूर्ण व्याजासह त्यांच्या खात्यात जमा झाली.

दिवाळीच्या सुमारास ते पुन्हा आले, हातात बुटांचे एक खोके. आत १:२४ ची निळी मोटार होती. पगारातून घेतलेला एकच संच, स्वतः जोडलेला. डावा दरवाजा किंचित वाकडा बसला होता आणि काचेवर चिकटद्रव्याने उमटलेला बोटाचा ठसा होता.

“विकणार का?” मी विचारले.

“ही कोण घेणार, साहेब?” ते हसले. “आणि कोणी मागितली तरी मी देणार नाही.”

वाचकहो, छंदासाठी खर्च अवश्य करावा. तो आनंदाचा खर्च आहे आणि मासिक अंदाजपत्रकात त्याला हक्काची जागा असावी. भविष्यासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतून मात्र तो करू नये. आणि कोणासही आगाऊ रक्कम देण्यापूर्वी ती परत कशी व केव्हा मिळेल हे लिहून घ्यावे, मग ती वस्तू घर असो वा तळहातावर मावणारी मोटार.