कल्पकता हस्तकलेच्या तासापुरती नसते

वर्गात मुलांच्या कल्पकतेला वाव द्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, साहित्याला पैसे कुठून आणायचे? निदान पालघर जिल्ह्यात तरी, कल्पकतेला पैसे लागतात हा गैरसमज उरायला नको होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. माँटेसरीची महागडी साधनं पाड्यावर परवडणारी नव्हती. मग बिया, पानं, खडे, शिंपले हीच साधनं झाली. गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात गेली. बालवाडी पाड्यातल्या अंगणात भरली, तीच अंगणवाडी.

याच जिल्ह्यातल्या माहीम-केळव्याच्या किनाऱ्यावर शिंपल्यांना काय तोटा? पहिलीच्या मुलांपुढे मूठमूठ शिंपले ठेवा आणि गट पाडायला सांगा. कशावरून, ते मात्र सांगू नका. कुणी रंग बघेल, कुणी आकार, कुणी फुटके वेगळे काढेल. मग प्रत्येकाला विचारा, "तू असे का ठेवलेस?"

कल्पकता म्हणजे चित्रकला, गणितात तिचं काय काम, हा समज जास्त घातक आहे. माहीमच्या वाडीतलंच उदाहरण घ्या. वाफा ८ मीटर लांब, ३ मीटर रुंद, क्षेत्रफळ किती? उत्तर एकच, २४ चौरस मीटर. आता प्रश्न उलटा करा. २४ चौरस मीटरचा आयताकृती वाफा किती प्रकारे आखता येईल, आणि सगळ्यांत कमी कुंपण कशाला लागेल? १२ बाय २ ला २८ मीटर, ८ बाय ३ ला २२, ६ बाय ४ ला २०. बाजू पूर्णांकातच हव्यात का, असं एखाद्या मुलाने विचारलं, तर वर्ग पुढच्या इयत्तेच्या गणितात शिरलाच म्हणून समजा. यात क्षेत्रफळ, परिमिती, विभाजक या तिन्हींची उजळणी होते. त्यामुळे 'अभ्यासक्रम मागे पडतो' ही तक्रारही इथे टिकत नाही.

वाट्टेल ते उत्तर बरोबर मानायचं, असाही याचा अर्थ नाही. ७ बाय ४ चा वाफा चुकलाच. तो का चुकला, हे मुलानेच मोजून दाखवायचं.

शिक्षकांना एक विनंती. उद्याच्या तासाला पहिलं उत्तर आलं की लगेच 'बरोबर' म्हणू नका. आणखी दोन-तीन उत्तरं येऊ द्या, मागच्या बाकावरून आलेलंही फळ्यावर लिहा.